रोटरी मशीनने जुन्या गाडीचा रंग कसा उजळवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरचं जड पाणी, रस्त्यावरची फुफाट्यासारखी धूळ आणि रोज सकाळी मारलेलं कोरडं फडकं, या तिघांनी मिळून मराठवाड्यातली गाडी पाच-सात वर्षांत मातकट दिसायला लागते. अशा रंगावर रोटरी मशीन चालवण्याआधी आणि चालवताना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. घरच्या अंगणात स्वतः काम करणाऱ्यालाही ती उपयोगी पडतील आणि गॅरेजात नव्याने बफिंग (मशीनने रंग घासून चकाकी आणणं) शिकणाऱ्यालाही.

रोटरी म्हणजे नेमकं कोणतं मशीन? घरातला ग्राइंडर चालेल का?

रोटरीचं पॅड एकाच आसाभोवती, एकाच दिशेने गरगर फिरतं. वेग साधारण ६०० ते ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) असतो आणि तो डायलने कमी-जास्त करता येतो. दुसरा प्रकार म्हणजे ड्युअल ॲक्शन, ज्याला सगळे डीए म्हणतात. त्याचं पॅड फिरताना डुलतं, म्हणून ते सौम्य काम करतं. खूप खराब झालेल्या, कडक क्लिअरच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) गाडीवर रोटरी कमी वेळात खोल चरे काढते. याच ताकदीमुळे ती रंग जाळतेही लवकर.

चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमने फिरतो. त्याला बफ (घासायचं पॅड) लावून गाडीवर टेकवलं तर दोन-तीन सेकंदांत क्लिअर जाऊन खालचा रंग उघडा पडतो. रेग्युलेटर जोडून वेग कमी केला तरी दाब दिल्यावर तो स्थिर राहत नाही. ग्राइंडर या कामाला वापरूच नका.

मशीन घेताना तीन गोष्टी बघा: सुरुवातीचा वेग ६०० ते ८०० पर्यंत खाली येतो का, ट्रिगर दाबल्यावर वेग हळूहळू वाढतो का, आणि दाब दिल्यावर वेग टिकतो का. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक मशीनचा आटा (स्क्रूसारखा पेच) एम १४ असतो, बॅकिंग प्लेटही (पॅड जिच्यावर बसतं ती तबकडी) त्याच आट्याची घ्या. वजन दोन-सव्वादोन किलोच्या आसपास असेल तर दरवाज्यांवर काम करताना हात भरून येत नाही.

मशीन मारलं की रंग कमी होतो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हे ज्याला पटलं त्याच्या हातून गाडी सहसा बिघडत नाही. चरा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर चऱ्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो.

झेरॉक्सचा एक कागद चिमटीत धरून बघा. त्याची जाडी साधारण १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. कंपनीतून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग, म्हणजे प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून, बहुतेक वेळा ९० ते १४० मायक्रॉन असतो. म्हणजे जेमतेम एका कागदाएवढा. त्यात क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉनचा. उन्हापासून रंगाला वाचवणारे घटक याच थरात असतात. लोकरी बफ आणि जाड कंपाऊंडचा (रंग घासणाऱ्या मलमासारख्या पेस्टचा) एक हात साधारण २ ते ४ मायक्रॉन खातो, फोम आणि बारीक पॉलिशचा हात एकाच्या आसपास. गाडीच्या उभ्या आयुष्यात मिळून ८ ते १० मायक्रॉनच्या पुढे जाऊ नये. त्याच्या पलीकडे गेलात तर आज गाडी आरशासारखी दिसेल आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी टपावर पांढरे चट्टे उठायला लागतील.

म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेणं ही गाडीची सेवा नाही. पातळ शिल्लक दरवर्षी उधळण्यासारखं ते आहे.

माझी गाडी पॉलिशने सुधारेल, की पेंटच करावा लागेल?

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर चरा बहुधा निघेल. नख अडकलं तर तो चरा पूर्ण काढण्याच्या मागे लागू नका. त्याच्या कडा गोल करून तो कमी दिसेल इतकंच करा. चऱ्यात पांढरं-राखाडी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर टचअपशिवाय उपाय नाही.

टपावर, बॉनेटवर पापुद्रा निघाल्यासारखे पांढरट चट्टे असतील आणि त्यांची कड बोटाला लागत असेल, तर तिथला क्लिअर सुटलेला आहे. त्यावर मशीन नेलं तर कड उचकटून चट्टा वाढतो. तो पॅनल पेंटलाच द्यावा लागतो.

जुन्या काही गाड्यांना, विशेषतः साध्या पांढऱ्या आणि लाल रंगात, वरून क्लिअर नसतोच. फडक्यावर थोडं कंपाऊंड घेऊन कोपऱ्यात हाताने घासा (लाल-निळ्या गाडीला पांढरं फडकं, पांढऱ्या गाडीला काळं). फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर गाडी बिनक्लिअरची आहे. असा रंग छान उजळतो, पण तुम्ही थेट रंगच घासत असता, त्यामुळे हात अर्ध्यावर आणा.

रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर घ्यायलाच हवा का?

गाडी स्वतःची असो की गिऱ्हाइकाची, हवा. प्रत्येक पॅनलवर किमान पाच ठिकाणी माप घ्या आणि मास्किंग टेपच्या तुकड्यावर आकडा लिहून तिथेच चिकटवा. ९० ते १४० आलं तर पॅनल बहुधा कंपनीचा. २०० च्या पुढे म्हणजे पुन्हा पेंट झालेला. ५०० च्या पुढे म्हणजे खाली लांबी (पुटी) भरलेली आहे. ८० च्या खाली आकडा आला, तर आधीच कुणीतरी भरपूर घासलेलं आहे. तिथे फक्त मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश वापरा.

मीटर सगळ्या थरांची बेरीज दाखवतो, क्लिअर वेगळा दाखवत नाही. साध्या मीटरची चूक दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणून एका हातानंतर आकडा बदलला नाही याचा अर्थ काहीच घासलं गेलं नाही असा होत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर हा मीटर चालत नाही. ॲल्युमिनियमच्या बॉनेटसाठी दोन्ही धातू मोजणारा मीटर लागतो.

बोरच्या पाण्याने धुतलेली गाडी चालेल का?

धुण्याला चालेल. वाळू द्यायला चालणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं धरलं आहे, आणि आपल्याकडे कित्येक बोरचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या खूप वर जातं. असा थेंब गरम बॉनेटवर वाळला की क्षाराचं पांढरं कडं उरतं.

धुणं हे पॉलिशिंगइतकंच महत्त्वाचं आहे, कारण धुताना राहिलेला एक खडा पॅडखाली सापडला तर तो सगळ्या पॅनलवर गोल चरे ओढत नेतो. आपल्या धुळीत काळ्या मातीइतकीच काळ्या दगडाची भुकटीही असते. खडी क्रशरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीवर तर तीच जास्त. बेसाल्टची ही भुकटी क्लिअरपेक्षा कितीतरी कठीण असते. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या बाजूच्या गावांत काळी राख पडते. बगॅसच्या त्या राखेतही वाळूतलीच सिलिका असते. तीही कोरडी पुसायची नाही.

पाणी किती लागतं हा प्रश्न इथे साधा नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाइप सोडून गाडी धुण्याची गरजही नाही. हाताने दाब भरायच्या स्प्रे पंपाने आधी शाम्पूचं पाणी मारा आणि चार-पाच मिनिटं माती सुटू द्या. वाळायच्या आत पंपानेच ती खाली वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, प्रत्येकी १५ लिटरच्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, अर्धा पॅनल पुसा, साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली या, दरवाज्यांचे खालचे भाग सर्वांत शेवटी. सगळं मिळून ५० लिटरच्या आत भागतं.

शेवटचं पाणी जारवाल्याच्या आरओचं ५ लिटर घ्या आणि लगेच मोठ्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. आरओ प्लांटमधून फुकट मिळणारं वाया गेलेलं पाणी मात्र शेवटच्या धुण्याला अजिबात नको, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

क्षाराचे डाग, चिकटा, डांबर, हळद-कुंकू हे मशीनने काढायचं का?

नाही. जे रसायनाने निघतं त्यासाठी क्लिअर खर्च करू नका.

क्षाराच्या ताज्या कड्यांना पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून मायक्रोफायबर भिजवा, सावलीत थंड पॅनलवर मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. संडास-बाथरूमचं ॲसिड कुणी कितीही सुचवलं तरी गाडीला लावू नका. क्रोमच्या पट्ट्या काळवंडतात आणि पत्र्याच्या सांध्यात शिरलं की गंज धरतो. व्हिनेगरनंतरही कडं दिसत असेल तर क्षाराने क्लिअरमध्ये खड्डा पाडला आहे. ते काम मशीनचं.

झाडाखालच्या चिकट थेंबांना लोक डिंक म्हणतात. बहुतेक वेळा तो पानांवरच्या माव्याने सोडलेला गोड चिकटा असतो, कपाशीच्या पानावर दिसतो तोच. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की विरघळतो. डांबराचे ठिपके आणि दसऱ्याच्या हारांच्या चिकटपट्टीचा गोंद फडक्यावर थोडं रॉकेल किंवा टार रिमूव्हर घेऊन निघतो, नंतर तेवढा भाग शाम्पूने धुवायचा. थिनर आणि पेट्रोल नको. हळदीचा डाग दिसला म्हणून घासत बसू नका, तो उन्हात आपोआप फिका पडतो. कुंकवाचा रंग चिवट असतो, तो त्याच दिवशी धुतलेला बरा.

हात फिरवल्यावर पांढऱ्या गाडीवर तांबूस टोचरे ठिपके लागत असतील तर ते लोखंडाचे कण आहेत. जालन्यात स्टीलच्या कारखान्यांजवळ किंवा रेल्वेच्या यार्डाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे जास्त असतात, ब्रेकमधूनही ते उडतात. आयर्न रिमूव्हर मारला की ते जांभळे होऊन ओघळतात. उरलंसुरलं क्ले बारने काढा: ५० ग्रॅमचा गोळा, शाम्पूच्या पाण्याचं भरपूर वंगण, हलका हात. क्ले जमिनीवर पडला की फेकून द्या, धुऊन वापरू नका.

किती पॅड आणि किती कंपाऊंड आणावं?

एका मध्यम सेडानला दोन लोकरी पॅड, दोन कटिंग फोम, दोन फिनिशिंग फोम पुरतात. पॅड १५० मिमीचे घ्या. १८० चं पॅड भराभर काम करतं, पण कडेवर चढतंही लवकर. काचांमधले खांब आणि आरशांसाठी ७५ मिमीचं एखादं असू द्या. कटिंग कंपाऊंड २०० मिली, फिनिशिंग पॉलिश १०० मिली, पुसायला साधारण ३५० जीएसएमची (चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाची) दहा मायक्रोफायबर, आणि पाऊण ते एक इंची मास्किंग टेपचे तीन रोल. डब्यातली घट्ट रबिंग पेस्ट, जी बोटाला खरखरीत लागते, ती रोटरीला लावू नका. तिचे कण मोठे असतात आणि त्यांचे चरे पुढे फिनिशिंगला काढता काढता नाकी नऊ येतात.

टेस्ट स्पॉट, म्हणजे आधी छोट्या जागेवर करून बघणं, कशाला? सगळ्या गाड्या सारख्याच ना?

सारख्या नसतात. एका कंपनीचा क्लिअर लोण्यासारखा मऊ, दुसऱ्याचा दगडासारखा. गॅरेजमध्ये नंतर मारलेला क्लिअर आणखी तिसराच. बॉनेटच्या मधोमध टेपने दीड फुटाचा चौकोन आखा. आधी सर्वांत सौम्य जोडी: फिनिशिंग फोम आणि बारीक पॉलिश. पुसून टॉर्च लावा. चरे जवळजवळ गेले असतील तर पूर्ण गाडी त्याच जोडीवर करा, लोकरी पॅड पिशवीतून काढूच नका. कमी पडलं तर फोम तोच ठेवून पॉलिशऐवजी कटिंग कंपाऊंड घ्या, मग कटिंग फोम, आणि सगळ्यात शेवटी लोकर. या क्रमाला अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात दोन-तीन मायक्रॉन वाचतात.

मशीन प्रत्यक्ष चालवायचं कसं?

आधी टेप लावा: पॅनलच्या कडा, दरवाज्यांच्या उभार रेघा, रबर, काळं प्लास्टिक, बॅज, वॉशरच्या नळ्या. केबल खांद्यावरून पाठीमागे टाका. अंगावर उपरणं, ओढणी, लोंबती गळ्यातली साखळी, कडं काही नको. पट्ट्याचं बकल टेपने झाका. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर एन ९५ मास्क.

नवं लोकरी पॅड कोरडं टेकवू नका. बोटाने त्याच्या सगळ्या तोंडावर कंपाऊंडचा पातळ हात चोळून घ्या. मग दीड फूट चौकोनाला हरभऱ्याच्या दाण्याएवढे चार-पाच थेंब. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवा, ते थेंबांवर दाबून पसरवा, आणि मगच ६०० वर चालू करा. हवेत फिरतं पॅड टेकवलं तर कंपाऊंडचे शिंतोडे काचेवर, टायरवर, शेजारच्या भिंतीवर सुद्धा जातात.

कंपाऊंड पसरलं की वेग १२०० ते १५०० करा. पॅड सपाट ठेवा. हाताचा वेग असा की एक फूट अंतर चार ते पाच सेकंदांत जावं, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढावी. शेतात पाळी घालतो तसं एकदा उभं, मग त्यावर आडवं. असे दोन फेरे झाले की साधारण अडीच मिनिटं होतात. पहिल्या फेऱ्यात मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त दाब, शेवटच्या फेऱ्यात दाब काढून घ्यायचा आणि वेग हजारावर आणायचा.

पॅडमागचा रंग बघत राहा. सुरुवातीला दुधासारखी पांढरी साय दिसते. काम होत जाईल तशी ती पातळ होऊन काचेवर तेलाचा हात फिरवल्यासारखी दिसायला लागते. तिथे थांबायचं. ती साय पूर्ण वाळून भुकटी उडायला लागेपर्यंत मशीन चालवलं तर कोरडं पॅड रंग तापवतं आणि नवे चरे टाकतं. मशीन बंद करा, पॅड थांबू द्या, मग उचला.

प्रत्येक चौकोनानंतर लोकरी पॅड ब्रशने किंवा स्परने (पॅड साफ करायच्या दातेरी चाकाने) विंचरा. चिकटलेल्या वाळक्या कंपाऊंडवर नवे थेंब घालत गेलात तर चौथ्या-पाचव्या चौकोनापासून काम बिघडतं, आणि दोष कंपाऊंडला दिला जातो.

कड जळते ती कशामुळे?

कडेवर आणि उभार रेघेवर क्लिअर मुळातच पातळ बसलेला असतो, कारण ओला रंग टोकावरून मागे ओढला जातो. त्यात सपाट पॅडचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो. १५० मिमीच्या पॅडची बाहेरची कड १५०० आरपीएमला सेकंदाला जवळजवळ १२ मीटर जाते. एवढ्या वेगात चूक दुरुस्त करायला वेळच मिळत नाही.

दोन सवयी लावून घ्या. कडेजवळ पॅडची जी बाजू टेकते, ती पत्र्यावरून बाहेरच्या दिशेने फिरणारी असली पाहिजे. कडेला समोरून धडकणारी असेल तर ती क्लिअर खरवडते आणि मशीनही हिसका देतं. दुसरं, कडेचा शेवटचा अर्धा इंच टेपखाली राहू द्या आणि टेप काढल्यावर तो हाताने पॉलिश करा. कडेवरचे चरे माणूस बघत नाही, उडालेला रंग मात्र लांबून दिसतो.

मे महिन्यात काम करावं का?

उन्हात नाही. चाळिशी पार केलेल्या दुपारी गडद रंगाचं बॉनेट सहज ६० अंशांच्या वर जातं. कंपाऊंड पसरायच्या आधीच वाळतं आणि मऊ पडलेला क्लिअर पॅडला ओढतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तसंच. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेनऊ या वेळेत दोन-तीन पॅनल करा आणि काम तीन दिवसांत वाटून घ्या. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. फक्त तुरीच्या काढणीच्या दिवसांत मळणी यंत्राच्या वाऱ्याच्या दिशेला गाडी उघडी ठेवू नका.

काम चालू असताना हाताची पालथी बाजू पॅनलवर टेकवा. ती तीन सेकंद निवांत टेकवता आली पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ५० अंशांना थांबा आणि दुसऱ्या पॅनलवर जा. तापलेल्या पॅनलवर गार पाणी ओतू नका.

मशीननंतर उन्हात धुरकट, सरकणारे पट्टे दिसतात. ते काय?

ते होलोग्राम. मोबाईलचा टॉर्च हलवला की उघडझाप करणाऱ्या पंख्यासारखे ते त्याच्याबरोबर सरकतात. रोटरी एकाच दिशेने फिरते, त्यामुळे लोकरीचे सूक्ष्म चरेही एकाच दिशेत बसतात आणि उजेड एका बाजूला फेकतात. लोकरी पॅडवर काम थांबवलं तर गडद गाडीवर ते राहणारच. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत, गाडी बाहेर निघाली की दिसतात.

उपाय: नवं किंवा स्वच्छ फिनिशिंग फोम, हरभऱ्याएवढे तीनच थेंब, वेग १००० ते १२००, दाब जवळजवळ नाही, हात थोडा सावकाश. शेवटचा फेरा फक्त मशीनच्या वजनावर. डीए मशीन हाताशी असेल तर हा शेवटचा हात त्याच्यावर घ्या. रोटरीने कटिंग आणि डीएने फिनिशिंग ही जोडी काळ्या गाडीसाठी सगळ्यात खात्रीची.

गाडी चमकली, पण दोन धुण्यांनंतर चरे परत आले. असं का?

ते गेलेच नव्हते. बऱ्याच कंपाऊंडमध्ये तेल आणि मेण असतं, ते चऱ्यांत भरून बसतं. धुण्यात ते निघून जातं. म्हणून प्रत्येक पॅनल झाल्यावर १ भाग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ४ भाग आरओचं पाणी असं मिश्रण फवारून पुसा आणि मगच टॉर्च लावा. आयपीए ज्वलनशील आहे. मशीन चालू असताना, विडी-सिगारेटजवळ तो फवारू नका. गिऱ्हाइकाला गाडी द्यायच्या आधी हे पुसून दाखवणारा कारागीर भरवशाचा समजावा.

वीज सारखी जाते. इन्व्हर्टरवर चालेल का?

रोटरी १००० ते १४०० वॅटची असते, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेचार ते सहा अँपिअर. घरच्या पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर ती चालवू नका. वायर लांब घ्यायची असेल तर २.५ चौरस मिमीची, गुंडाळी पूर्ण सोडून, अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, वेग खालीवर होतो, मोटर तापते. वीज गेली की आधी स्विच बंद करा. ट्रिगर लॉक राहिला आणि वीज आली तर मशीन बॉनेटवरून उडी मारतं.

बंपर आणि हेडलाइटवर तेच मशीन?

बंपर प्लास्टिकचा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवतं, त्यामुळे रंग लवकर भाजतो. वेग १००० च्या आसपास, फक्त फोम, आणि एका जागी दोनच फेरे. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला आधी ओल्या १०००, २०००, ३००० च्या पेपरने क्रमाने घासून मग १००० आरपीएमला फोम फिरवा आणि वरून यूव्ही कोटिंग लावा. कोटिंग नाही लावलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळा.

पॅड कसे धुवायचे?

त्याच दिवशी. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब, हाताने दाबून. पिळू नका, फोम थरातून सुटतो. सावलीत वाळवा आणि बंद डब्यात ठेवा. उघड्यावर ठेवलेल्या पॅडमध्ये धूळ बसली की पुढच्या गाडीवर तीच घासली जाते.

पॉलिश झाल्यावर काय लावायचं, आणि पुन्हा कधी करायचं?

उघडा क्लिअर तसाच सोडू नका. कार्नोबा मेण आपल्या उन्हात दीड-दोन महिन्यांच्या पुढे क्वचित टिकतं, सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने. सिरॅमिक कोटिंग त्याहून खूप जास्त टिकतं, पण ते लावण्याआधी सगळी गाडी आयपीएने पुसलेली हवी, आणि नवीन पेंट केलेल्या पॅनलवर महिनाभर थांबायला हवं.

पुन्हा मशीन कधी लागेल ते फडक्यावर ठरतं. रोज सकाळी कोरडं फडकं फिरवत असाल तर ते कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे सहा महिन्यांत परत येतात, वर कितीही महागडं कोटिंग असलं तरी. धूळ बसलेली गाडी धुळीसकट चालवलेली बरी. चिमणी-कबुतराची विष्ठा तेवढी त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून उचला, कारण तापलेल्या क्लिअरमध्ये तिचा ठसा उमटतो आणि तो पॉलिशनेच निघतो. ड्रायव्हर किंवा धुणारा पोऱ्या वेगळा असेल तर त्याच्या हातात दोन बादल्या आणि हातमोजा द्या, जुनं फडकं काढून घ्या. इतकं पाळलं तर कटिंगचा हात पुढची चार-पाच वर्षं लागत नाही. मध्ये एखाद्या पॅनलवर फिनिशिंग फोम फिरवला की पुरतं. त्या वेळी जुने मायक्रॉनचे आकडे हाताशी असावेत, म्हणून टेपवर लिहिलेलं सगळं गाडीच्या सर्व्हिस बुकात उतरवून ठेवा: पॅनल, जागा, तारीख, आधीचा आकडा, नंतरचा आकडा.